नदीची नाडी कशी पाहावी?



गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर एका बाळाचा स्नानसंस्कार होता. आम्ही कुंडात पाणी ओतत असताना बाळाची पणजी पुढे आली, कुंडावर वाकली आणि हळूच म्हणाली, "फादर, पाणी कुठलं हो हे? मातकट वास यायलाय."

"नळाचं आहे, आजी."

"नळाचं ते खरं. पण नळात कुठून येतंय?"

"विष्णुपुरीहून."

आजींनी मान डोलावली. मग बाळाकडे पाहत त्यांनी विचारले, "मग ते चांगलं हाय का न्हाई, हे कोण बघतंय?"

संस्कार झाला, पेढे वाटले गेले, मंडळी घरी गेली. आजींचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला, कारण त्याचे उत्तर आम्हाला देता आले नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमचे प्राध्यापक नेहमी बजावत, की एखादी गोष्ट माहीत असणे वेगळे आणि ती धरून चालणे वेगळे. पाणी चांगले आहे हे आपण धरून चालतो. ते घाण झाले आहे, असेही कधी कधी नुसते धरूनच चालतो. दोन्ही वेळा आपण पाहिलेले काहीच नसते.

गेल्या काही महिन्यांत आम्ही याविषयी थोडे वाचले, जाणकारांना विचारले, नदीकाठी जाऊन पाहिले. त्यातून जे समजले ते या रविवारच्या अभ्यासपाठात आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. आपले पाणी येते कुठून?

विष्णुपुरी म्हटले की कुणाला काळेश्वराचे मंदिर आठवते, कुणाला अभियांत्रिकी महाविद्यालय, कुणाला विद्यापीठ, तर कुणाला सरकारी दवाखाना. नांदेडच्या घराघरात विष्णुपुरी पोहोचते ती मात्र नळातून. गोदावरीवरच्या या बंधाऱ्याचे पूर्ण नाव डॉ. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्प. त्याला १८ दरवाजे आहेत. मागे अडलेल्या पाण्याला शंकरसागर म्हणतात. इथे नदी खोल आणि शेती उंचावर, म्हणून पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडायचे, अशी ही उपसा सिंचनाची योजना. शेतीबरोबर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भारही याच जलाशयावर आहे.

हा जलाशय दिसतो तेवढा मोठा नाही. त्याचा साठा सुमारे ८० दशलक्ष घनमीटर. पैठणच्या नाथसागराचा उपयुक्त साठा २१७१ दशलक्ष घनमीटर आहे. म्हणजे विष्णुपुरीसारखे सव्वीस-सत्तावीस जलाशय त्यात मावतील. पावसाळ्यात विष्णुपुरी भरते, दरवाजे उघडतात, पुन्हा भरते, पुन्हा उघडतात. त्या दिवसांत नदी स्वतःला धुऊन काढते. पाऊस थांबला, दरवाजे बंद झाले, की पुढचे सात-आठ महिने त्या साठ्यातूनच शेतीचे पंप, शहराचे नळ आणि उन्हाची वाफ, सगळे भागवायचे असते. पाणी कमी कमी होत जाते, पण त्यात मिसळलेली घाण त्याच प्रमाणात कमी होत नाही. उन्हाळ्यात जलाशय उथळ झाला, पाणी तापले, की शेवाळ वाढते. काही जातींच्या शेवाळामुळे पाण्याला मातकट वास येतो आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने तो पूर्ण जात नाही. आजींच्या नाकाला जे जाणवले त्याचे एक कारण हे असू शकते.

पाण्याचे प्रमाण आणि पाण्याची शुद्धता हे दोन वेगळे विषय नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिलला पहिली गाडी ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते. नदी आजारी असण्याची ती शेवटची अवस्था. त्याआधीच्या अवस्था ओळखता याव्यात, यासाठी नाडी पाहायची.

२. वरच्या अंगाचा शेजारी, खालच्या अंगाचा शेजारी

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिक, पैठण, गंगाखेड अशी गावे मागे टाकत ती आपल्यापर्यंत येते. आपल्या भागातली जुनी माणसे तिला नुसते 'गंगा' म्हणतात. पैठणनंतर मात्र ही गंगा सलग वाहत नाही. ढालेगाव, मुदगल, दिग्रस, अंतेश्वर असे एकामागून एक बंधारे आहेत, मग विष्णुपुरी, आणि आपल्या खाली आमदुरा, बळेगाव, बाभळी. पावसाळा सोडला तर नदी म्हणजे एकाखाली एक मांडलेली तळी. साठलेल्या पाण्याचा फायदा उघड आहे. पण वाहते पाणी दगडांवर आपटत हवेतला प्राणवायू घेते, उभे पाणी तो तेवढा घेत नाही. उभ्या पाण्यात जे टाकू ते तिथेच राहते.

आता या माळेत आपण कुठे उभे आहोत ते पाहा. पिण्याचे पाणी आपण बंधाऱ्याच्या वर घेतो. शहराचे नाले बंधाऱ्याच्या खाली नदीला मिळतात. २००८ मधील गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास शहरात घाटांची, रस्त्यांची, मलनिस्सारणाची मोठी कामे झाली. मैलापाणी शुद्ध करण्यासाठी केंद्रेही उभी राहिली. परंतु जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही, ते नाल्यातून थेट नदीत जाते, आणि त्याचा त्रास आपल्याला होत नाही. तो आमदुऱ्याच्या, राहेरच्या, बाभळीच्या काठावरच्या माणसाला होतो.

बाभळीचे उदाहरण इथे समजून घेण्यासारखे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिलेल्या निकालानुसार या बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते. महाराष्ट्राने किती अडवायचे आणि खालच्या राज्याला किती द्यायचे, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. पाणी किती, हे अखेर तारखेनिशी ठरले. जे पाणी खाली जाते ते कसे आहे, हा प्रश्न तेवढ्या हिरिरीने कुणी मांडला नाही.

माझा शेजारी कोण, हा शुभवर्तमानातल्या शास्त्र्याचा प्रश्न आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. नदीकाठी त्याचे उत्तर सोपे आहे. जो माझ्या खाली राहतो तो माझा शेजारी. आणि गंगाखेडच्या माणसासाठी तो शेजारी मी आहे.

३. नाडी पाहण्याच्या पाच खुणा

वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहतो. नदीच्याही अशा खुणा आहेत. त्यांतल्या बऱ्याच कुणालाही पाहता येतात.

पहिली खूण: रंग, वास आणि जलपर्णी. हिरवेगार पाणी म्हणजे शेवाळ. काळसर पाणी आणि कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे प्राणवायू संपला. जलपर्णी, जिला आपण केंदाळही म्हणतो, ती मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतांतून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर ती पोसते आणि अनुकूल स्थितीत दोन आठवड्यांत दुप्पट होते. ती काढायला हवीच. पण नाला तसाच ठेवून नुसती जलपर्णी काढत राहिलो, तर दरवर्षी तेच काम पुन्हा करावे लागेल.

दुसरी खूण: पाण्याची पारदर्शकता. ही मोजण्याचे साधन एका कॅथलिक धर्मगुरूने दिलेले आहे, हे वाचून आम्हाला फार आनंद झाला. फादर एंजेलो सेक्की (१८१८–१८७८) हे येशूसंघीय धर्मगुरू आणि रोममधील वेधशाळेचे प्रमुख. ताऱ्यांच्या प्रकाशावरून ताऱ्यांचे वर्ग पाडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव घेतात. १८६५ च्या एप्रिलमध्ये पोपमहोदयांच्या आरमारातील एका जहाजावरून त्यांनी भूमध्य समुद्रात दोरीला बांधलेली पांढरी तबकडी सोडली आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे मोजले. बस्, एवढेच. आजही जगभर तळ्यांचे आणि समुद्राचे पाणी 'सेक्की तबकडी'ने मोजतात.

आपल्याला ती घरी करता येईल. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी ताटली घ्यावी, मध्ये भोक पाडून खाली वजन बांधावे, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. घाटाच्या शेवटच्या पायरीवरून किंवा नावेतून, सावलीच्या बाजूला, सकाळी १० ते दुपारी ३ च्या दरम्यान ती सावकाश सोडावी. दिसेनाशी होते ती खोली लिहावी. मग वर ओढावी. पुन्हा दिसू लागते ती खोली लिहावी. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या दिवसाची पारदर्शकता. पावसाळ्यात गाळामुळे ती कमी येणारच. हिवाळ्यात-उन्हाळ्यात ती कमी येऊ लागली तर मात्र कारण शोधावे.

तिसरी खूण: पाण्यातला प्राणवायू. माशाला श्वास घ्यायला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात तो लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात मुळातच कमी. त्यात सांडपाणी आले की ते कुजवणारे जीवाणू उरलेला प्राणवायू खातात. शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री तेही तो वापरते, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे मरून वर आलेले बहुधा सकाळीच का दिसतात, ते यावरून कळते. पहिल्या मोठ्या पावसानंतरही असे होते, कारण नाल्यांत महिनोन्‌महिने साचलेला मळ एकदम नदीत येतो. भोई बांधवांना हे सारे कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते. त्यांना विचारावे.

चौथी खूण: जंतू. हे डोळ्यांना दिसत नाहीत. मैला मिसळला आहे का हे पाहण्यासाठी कॉलिफॉर्म जातीचे जीवाणू मोजतात. ते काम प्रयोगशाळेचे. पण प्राथमिक अंदाजासाठी 'एचटूएस' नावाची छोटी बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून एक-दोन दिवस ऊबदार जागी ठेवायची. पाणी काळे पडले तर मैल्याची शंका घ्यायची आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. ही सोपी पद्धत ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली आणि ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. गावोगावी जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यावर 'ओटी टेस्ट' करतात, तीही आपल्याला परिचित आहे. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, हे त्या पिवळ्या रंगावरून पाहतात.

पाचवी खूण: दगडाखालचे किडे. काठाजवळच्या उथळ, वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहावा. शेपटीला दोन-तीन तंतू असलेले, दगडाला चिकटून राहणारे चपटे किडे दिसले तर पाणी बरे आहे, कारण त्यांना भरपूर प्राणवायू लागतो. चतुराची पिल्ले आणि शिंपले मध्यम पाण्यातही तग धरतात. फक्त लाल, दोऱ्यासारख्या अळ्या सापडल्या तर समजावे की इथे प्राणवायू फार कमी आहे. प्रयोगशाळेचा नमुना त्या क्षणाचे पाणी सांगतो. किडा मात्र तिथे आठवडे, महिने राहिलेला असतो. काल रात्री कुणी गुपचूप काही सोडले असेल, तर त्याची साक्ष तो देतो.

४. सरकारी आकडे कसे वाचावेत?

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळे स्थापन झाली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातील नद्यांचे पाणी ठरावीक ठिकाणी तपासते. गोदावरीवर आपल्या जिल्ह्यातील राहेर हे त्यांतील एक. हे आकडे जाहीर होतात आणि न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येतात. पण आकडा हाती आला तरी तो वाचता यायला हवा.

आकड्यांत 'बीओडी' हा शब्द येतो. पाण्यातली घाण कुजवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचे ते माप. जितका जास्त, तितकी घाण जास्त. केंद्रीय मंडळाच्या निकषांनुसार, नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिता येईल अशा नदीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा, प्राणवायू ४ पेक्षा कमी नसावा आणि १०० मिलिलिटरमध्ये कॉलिफॉर्म ५००० च्या वर नसावेत. आंघोळीच्या पाण्यासाठी कॉलिफॉर्मची मर्यादा ५०० आहे आणि प्राणवायू किमान ५ हवा. लक्षात घ्या, आंघोळीचा निकष अधिक कडक आहे, कारण आंघोळीचे पाणी कुणी शुद्ध करून देत नाही. घाटावर डुबकी मारणाऱ्याच्या तोंडात ते जसेच्या तसे जाते.

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशभरातील ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरले. त्यांतले ५३ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. गोदावरीचा नाशिकच्या सोमेश्वरपासून आपल्या राहेरपर्यंतचा पट्टा त्यांत होता. २०२२ च्या अहवालात देशातील पट्टे ३११ झाले, महाराष्ट्राचे मात्र ५५. इथे एक सावधगिरी हवी. जो अधिक ठिकाणी तपासतो त्याच्याकडे अधिक दोष सापडतात, हेही खरे आहे. म्हणून राज्याराज्यांची तुलना करण्यापेक्षा आपल्याच ठिकाणाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा सुधारला की बिघडला, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

५. एकदा पाहून भागत नाही

ग्रीक तत्त्ववेत्ता हेराक्लिटस याच्या नावावर एक विचार सांगतात, की त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही. दुसऱ्यांदा उतरेपर्यंत पाणी बदललेले असते. वर्गात आम्ही यावर पुष्कळ वाद घातला होता. नदीकाठी उभे राहून पाणी मोजताना त्याचा व्यवहारातला अर्थ कळला. जी गोष्ट सतत बदलते, तिच्याविषयी एका दिवसाच्या पाहण्यावरून काहीच म्हणता येत नाही. बदल समजायचा असेल तर काहीतरी न बदलणारे आपल्याकडे हवे: तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत आणि तीच वही.

पुराच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. नांदेडच्या जुन्या पुलापाशी गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर आहे. पाणी चढू लागले की शहरातली पोरेसोरेसुद्धा हे आकडे बोलतात. पातळी रोज लिहिली जाते म्हणून धोक्याची घंटा वेळेवर वाजते. पाण्याच्या शुद्धतेची मात्र अशी पातळी कुणाच्या ओठांवर नसते. पूर एका रात्रीत येतो, म्हणून आपण त्याला घाबरतो. नदी वर्षावर्षाने बिघडते, म्हणून तिची सवय होते. चाळीस वर्षांपूर्वी घाटावर ओंजळीने पाणी प्यायलो, असे सांगणारी माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांच्या नातवंडांना ती गोष्ट खरी वाटत नाही. मधल्या काळातली नोंद कुणीच ठेवली नाही, त्यामुळे नेमके कधी आणि कशाने बिघडले, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

नदी सुधारू शकते, हेही नोंदीवरूनच कळते. लंडनची थेम्स नदी १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत म्हणून जाहीर झाली होती. सांडपाण्याची केंद्रे सुधारली, तपासणी चालू राहिली आणि पुढच्या दशकांत मासे परत आले. काम तिथेही संपलेले नाही. पण कुठे होतो आणि कुठे आलो, हे त्यांना दाखवता येते.

६. आधी आपल्या अंगणाचे

इथपर्यंत लिहिल्यावर आम्हाला आमच्याच निवासाकडे पाहावे लागले. मागच्या बाजूला एक सेप्टिक टँक आहे. तो शेवटचा कधी उपसला, याची नोंद कुठेही नव्हती. त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाइपचा माग काढला तर तो भिंतीखालून उघड्या नाल्यात जात होता. नाला पुढे कुठे जातो, हे सांगायला नको. म्हणजे नदीवर पाठ लिहिणाऱ्याचेच सांडपाणी नदीत चालले होते. याची कबुली आम्ही आपल्यापुढे देतो.

एका घराचा भार किती असतो, ते पाहू. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच माणसांच्या घराचे झाले ५४० लिटर. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा बीओडी २५० मिलिग्रॅम धरला, तर त्यातल्या एका लिटरला ३ च्या मर्यादेत आणायला ८० लिटरहून अधिक निर्मळ पाणी लागेल. म्हणजे एका घराची एका दिवसाची घाण पोटात घ्यायला नदीला ४३ हजार लिटरहून अधिक स्वच्छ पाणी हवे. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख होती. पुढचा गुणाकार घरी मुलांकडून करून घ्यावा.

यावरचा एक उपाय आपल्याच जिल्ह्याने दाखवला आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, गटारे कोरडी पडली आणि डासही गेले. हा 'नांदेड पॅटर्न' पुढे राज्यात इतरत्र गेला. न्हाणीचे आणि स्वयंपाकघराचे पाणी नाल्यात न सोडता जमिनीत मुरवायचे, एवढेच त्याचे तत्त्व. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मुरमापर्यंत न्यावा, दगडगोट्यांनी भरावा, पाणी आत जाण्याआधी गाळ आणि खरकटे अडेल अशी सोय ठेवावी. विहीर किंवा बोअर जवळ असेल तिथे मात्र तो घेऊ नये. संडासाचा भार शोषखड्ड्यावर टाकू नये. त्यासाठी सेप्टिक टँक, आणि तो दोन-तीन वर्षांनी उपसायचा.

आमच्या निवासात न्हाणीच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी शोषखड्ड्याचे काम सुरू केले आहे. टँकही उपसून घेतला असून त्याची तारीख भिंतीवर रंगवली आहे. नाल्यात जाणारा पाइप बंद करून टँकच्या पाण्याची योग्य व्यवस्था कशी करायची, हे जाणकारांना विचारून ठरवत आहोत. पुढच्या वेळी विसरलो तर आपण आठवण करून द्यावी.

७. धर्मग्रामासाठी एक वही

वरील अभ्यासातून एक लहानसा कार्यक्रम सुचवत आहोत.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता युवक गटातील चार-पाच जणांनी, एका मोठ्या माणसासोबत, दोन ठरलेल्या ठिकाणी जावे: एक विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, दुसरे शहराच्या खाली. पाण्याचा रंग, वास, तापमान, तबकडीची खोली, जलपर्णी आणि दिसलेले जीव, एवढे लिहावे. एचटूएस बाटली दोन्हीकडची भरावी. कुणीही पाण्यात उतरू नये. दरवाजे उघडण्याचा इशारा असेल त्या दिवशी जाऊच नये. वही पवित्र वस्त्रांच्या खोलीत, स्नानसंस्काराच्या नोंदवहीशेजारी राहील. आमची बदली झाली तरी वही इथेच राहावी, ही विनंती.

काही विपरीत दिसले तर तारीख, ठिकाण आणि छायाचित्रासह महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नांदेड कार्यालयाला लेखी कळवावे. "नदी घाण झाली आहे" या तक्रारीला उत्तर देणे सोपे असते. "अमुक ठिकाणी गेले पाच महिने तबकडी ४० सेंटिमीटरच्या खाली दिसत नाही आणि बाटली दर वेळी काळी पडते," या पत्राला उत्तर देताना अधिकाऱ्यालाही वही उघडावी लागते. हे काम कुणाविरुद्ध नाही. घाटावर स्नानाला येणारे, गुरुद्वाऱ्याला येणारे, जाळे टाकणारे, सगळ्यांचीच ती नदी आहे. शेजारच्या शाळेतील मुले, भोई बांधव, घाटावरची मंडळी यांनाही आपण बोलवावे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न:

१. तुमच्या घराचे सांडपाणी नेमके कुठे जाते? माग काढून पाहिले आहे का?
२. घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला विचारा: लहानपणी नदी कशी होती? कोणते मासे मिळत? उत्तर वहीत लिहून आणा.
३. मृतांच्या स्मरणदिनी कबरस्तानातील फुले आणि नाताळातील थर्माकोल आपण नंतर कुठे टाकतो?
४. खालच्या गावातील माणूस आपल्या मिस्साला आला आणि त्याने विचारले, "तुम्ही आमच्याकडे कसले पाणी पाठवता?" तर आपण काय उत्तर देऊ?

त्या आजी परवा भेटल्या. बाळ आता रांगते. आम्ही त्यांना वहीचे पहिले पान दाखवले. त्यांना वाचता येत नाही, त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवले आणि विचारले, "मग? चांगलं हाय का न्हाई?"

"आजी, एका पानावरून नाही सांगता येत. वर्षभर लिहू, मग सांगतो."

"लिहा," आजी म्हणाल्या. "पण सांगा मात्र."

प्रभूत आपले,
धर्मगुरू